मेन स्विच बंद, तार चालू

मेन स्विच खाली ओढला की पंखा थांबतो, फ्रिजची घरघर बंद होते आणि घरमालकाची खात्री पटते की आता वीज नाही. मग तो भिंतीला शिडी लावतो, कमरेला कोयता अडकवतो आणि सर्व्हिस वायरवर रेललेली आंब्याची फांदी तोडायला चढतो. त्याने बंद केलेली असते ती फक्त घरातली वीज. खांबापासून मीटरपर्यंत आलेली वायर, खांबावरच्या चार-पाच उघड्या तारा आणि त्यांच्या टोकाची डीपी या सगळ्यांत वीज तशीच वाहत असते. घरातला एमसीबी आणि गळती ओळखणारा ईएलसीबी ही दोन्ही रक्षणाची साधने मीटरच्या पुढे, घराच्या बाजूला बसवलेली. शिडीवरच्या माणसाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

दर वर्षी मे महिन्यात, वळवाचा पहिला तडाखा बसून फांदी तारेला घासली आणि दोनदा लाईट गेली, की लोकांना आपापल्या अंगणातली झाडे आठवतात. मुंबई शहरात, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या पट्ट्यात, बेस्टच्या केबल जमिनीखालून गेल्या आहेत. तिथे वाढलेल्या माणसाला उघड्या तारेखाली वावरण्याची सवय नसते. तोच मे महिन्यात कोकणातल्या घरी जातो, वर्षभर बंद असलेल्या घराची कौले शाकारतो आणि जोडीला मागच्या पडवीवर आलेला फणसही थोडा ‘मोकळा’ करायला घेतो. नाशिक, सांगली, नागपूर, अमरावतीकडच्या बंगल्यांत आणि रो-हाऊसमध्ये वेगळे काही घडत नाही. तिथे फणसाऐवजी शेवगा किंवा गुलमोहर असतो, इतकेच.

धोका किती, हे आकड्यात पाहिलेले बरे. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या छातीतून त्याच्या नवव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडून श्वास अडकू शकतो. त्याहून थोडा वाढला की हृदयाची लय बिघडते. ईएलसीबीवर ३० हा आकडा छापलेला असतो, तो याच हिशेबाने. मेच्या उन्हात घामाने निथळणाऱ्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टच्या तारेतून २३० मिलिअँपिअर प्रवाह त्यातून जाईल. डीपीतला फ्यूज शंभर-दीडशे अँपिअरला वितळणारा. त्याच्या लेखी तारेला चिकटलेला माणूस म्हणजे धड एक बल्बसुद्धा नव्हे. फ्यूज उडत नाही, लाईट जात नाही, आणि शेजारच्या घरात टीव्ही चालूच राहतो.

शिवाय हे सगळे उंचावर चाललेले असते. जमिनीवर ज्या झटक्याने माणूस नुसता दचकून मागे सरकला असता, तोच झटका बारा फुटांवर बसला की तो खाली कोसळतो, बहुधा स्वतःच्याच कोयत्यासकट.

तारांबद्दलचे गैरसमज तर घराघरांत आहेत. वरच्या तारेवर काळे प्लास्टिक असते, असे अनेकांना वाटते. ते सर्व्हिस वायरवर असते, आणि तेही उन्हापावसाने वर्षानुवर्षे तडकलेले. खांबावरच्या बहुतेक तारा उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात. पावसाळ्यात काळवंडल्यामुळे त्या खालून वेष्टण चढवल्यासारख्या दिसतात. दुसरा समज चपलेचा. रबरी स्लीपर घरातल्या विजेत कधी तरी वाचवून गेली असेल, पण उच्चदाबाच्या ११ हजार व्होल्टच्या तारेपुढे तिला काही अर्थ नाही. पुण्यासारख्या शहरात तर २२ हजार व्होल्टच्या वाहिन्या आहेत. तिसरा समज कोरड्या लाकडाचा. लाकूड वीज वाहून नेत नाही हे शाळेत शिकलेले असते, पण अंगणातल्या झाडाची फांदी कोरडी नसते. तिच्यात पाणी आणि क्षार खेळत असतात, म्हणूनच ती हिरवी असते. आणि पक्षी तारेवर निवांत बसतात ते दुसऱ्या कशाला टेकलेले नसतात म्हणून. शिडीवरचा माणूस जमिनीला टेकलेला असतो.

विजेच्या उडीबद्दल मात्र थोडी अतिशयोक्ती चालते. ११ हजार व्होल्टची तार माणसाला चार-पाच फुटांवरून ‘ओढून घेते’, हे खरे नाही. एवढ्या दाबाला हवेतून फार थोडे, सेंटिमीटरमध्ये मोजावे एवढेच अंतर ओलांडता येते. तरीही अमेरिकेत कामगार सुरक्षेचे नियम पाहणारी ओशा ही सरकारी यंत्रणा ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून साध्या कामगाराला दहा फूट लांब ठेवते. त्या दहा फुटांत वाऱ्याने हलणारी तार, घसरणारी शिडी, हातातून सुटणारी करवत आणि कोणत्या बाजूला पडेल याचा नेम नसलेली फांदी या सगळ्यांचा हिशेब धरलेला आहे. त्या रेषेच्या आत जाण्याची मुभा तिथे फक्त तारेजवळच्या छाटणीचे खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसांना आहे.

आपल्याकडेही उंचीचे नियम आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार रस्ता ओलांडून जाणारी लघुदाब तार किमान ५.८ मीटर आणि ११ हजार व्होल्टची ६.१ मीटर उंच असली पाहिजे. रस्ता सोडून इतरत्र ११ हजारांपर्यंतच्या उघड्या तारेला ४.६ मीटर चालतात. म्हणजे साधारण पंधरा फूट. शिडीच्या सहाव्या फुटावर उभा राहिलेला माणूस हात वर करून पाच फुटांची आकडी धरतो, तेव्हा आकडीचे टोक अठरा फुटांवर गेलेले असते. इमारतीपासून लघुदाब आणि ११ हजारांच्या तारेचे आडवे अंतर किमान १.२ मीटर हवे. गच्चीला नंतर काढलेली गॅलरी आणि तिच्यावरची पत्र्याची शेड हे अंतर किती राखते, हे कुठल्याही गल्लीत मान वर करून पाहता येईल.

झाड तोडण्याइतकाच धोका फळे काढण्यात असतो. शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, नारळ काढणे याला कोणी ‘काम’ म्हणत नाही, म्हणून तारेचा विचारही होत नाही. कोकणात आंबा उतरवायच्या झेल्याची काठी बांबूची असे. आता बाजारात सरकवून लांब करता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळतात. हलक्या आणि टिकाऊ असल्या, तरी उघड्या तारेखाली वापरायला याहून वाईट वस्तू शोधून सापडणार नाही. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, त्यामुळे शेंगेसाठी ओढलेली फांदी अख्खी मोडून येते. नारळाची झावळी चार ते सहा मीटर लांब असते. माड तारेपासून दहा-बारा फूट दूर आहे म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाने हे मोजलेले नसते. उंच वस्तू तारेला टेकली की ती धरणारे सगळेच सापडतात. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडू गावात रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या तारेला लागला आणि ११ भाविकांचा मृत्यू झाला. तिथे झाड नव्हते आणि कोणी काही तोडतही नव्हते. वरच्या तारेकडे लक्ष गेले नाही, एवढेच.

फांदी तुटून पडली आणि माणूस सुखरूप राहिला, तरी गोष्ट संपत नाही. लघुदाब वाहिनीच्या खांबावर तीन फेज, एक न्यूट्रल आणि बहुतेक ठिकाणी दिव्यांची एक अशा तारा असतात. फांदीच्या वजनाने त्यातली न्यूट्रल तुटली, तर २३० व्होल्टवर चालणाऱ्या घरांत चारशेच्या जवळपास दाब शिरू शकतो. एका फांदीपायी अख्ख्या आळीचे टीव्ही, फ्रिज, पाण्याच्या मोटारी जळतात, आणि संध्याकाळपर्यंत ‘कोणी तोडली’ याची चौकशी दारोदार फिरते.

तार तुटून जमिनीवर आली तर धोका आणखी पसरतो. लोक धरून चालतात की तार पडली म्हणजे वीज आपोआप बंद झाली. कोरड्या मातीवर, डांबरावर किंवा काटक्यांवर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह कधी इतका कमी असतो की उपकेंद्रातल्या रक्षक यंत्रणेला तो जाणवतच नाही. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली वाहिनी, ट्रिप झालाच, तरी तो काही वेळाने पुन्हा चालू करून पाहिला जातो, आणि मेल्यासारखी पडलेली तार अचानक जिवंत होते. तिच्याभोवतीच्या जमिनीत दाब चढउतार करत पसरलेला असतो. एक पाय जास्त दाबावर आणि दुसरा कमी दाबावर पडला, की पायांतूनच प्रवाह वाहू लागतो. चार पायांत जास्त अंतर असलेली गुरे यात आधी मरतात, आणि त्यांना सोडवायला धावलेला शेतकरी त्यांच्यामागून जातो. अशा जागी सापडलेल्याने ढांग टाकू नये. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत, इंच-इंच मागे सरकावे.

पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत लोकांच्या अंगवळणी पडली आहे. ‘आज गुरुवार आहे, लाईट नाही, तेवढ्यात उरकून घेऊ’ हे वाक्य मात्र जिवावर बेतणारे आहे. वीज कधी येणार हे झाडावर चढलेल्या माणसाला कोणी कळवत नाही. एखादा फीडर त्या दिवशी चालूच असतो, दुपारचे काम अकरालाच संपते, आणि शेजारच्या दुकानातला जनरेटर चुकीच्या जोडणीने उलटी वीज तारेत सोडत असतो. ज्याचे हे रोजचे काम आहे, तो वायरमन गुरुवारच्या भरवशावर खांबावर चढत नाही. तो उपकेंद्रातून परमिट घेतो, स्विच उघडल्याची खात्री करतो, तार मेल्याचे तपासतो आणि मग तिला दोन्ही बाजूंनी अर्थिंग करतो. म्हणजे चुकून कोणी वीज सोडलीच, तर ती त्याच्या अंगातून न जाता जमिनीत जाईल. एवढे करूनही दर वर्षी वायरमन मरतात. घरमालकाजवळ यातले एकही साधन नसते, असतो तो नुसता उत्साह.

आणि बऱ्याचदा तो उत्साह दुसऱ्याच्या जिवावर उधार घेतलेला असतो. नाक्यावरून किंवा शेजारच्या बांधकामावरून एखाद्या मजुराला पाचशे-सातशे रुपयांना आणायचे, खालून बोट दाखवत ‘ती वरची, ती पण’ म्हणायचे आणि चहा सांगायचा, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. त्या मजुराला कुठली तार कसली हे माहीत नसते. माहीत असले, तरी हातचे काम जाईल म्हणून तो बोलत नाही. त्याचा विमा नसतो, आणि अपघातानंतरच्या कागदांत त्याचा मालक कोण हेही ठरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत देशात विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा वर्षाला दहा हजारांच्या वर आहे. त्यात झाडाच्या फांदीचा वेगळा रकाना नाही, आणि पाचशे रुपयांचाही नाही.

भरपाईचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात कंपन्यांवर कडक जबाबदारी टाकली. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवरून सायकलने गेलेला माणूस मेला होता. तार दुसऱ्याने चोरीसाठी ओढली होती, हा मंडळाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. वीज ही जात्याच धोकादायक, ती पुरवणाऱ्याने ती बाहेर निसटू नये याची जबाबदारी घेतलीच पाहिजे, असा तो निकाल. पण स्वतः तारेत फांदी पाडणाऱ्याचे कुटुंब त्याच न्यायालयात फार लंगड्या बाजूने उभे राहील.

आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही. घरमालक हे सगळे करतो ते मूर्ख असतो म्हणून नव्हे. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नुसत्या फांद्या छाटायच्या, तरी महापालिका अर्ज मागते. तारेजवळची फांदी असेल तर वीज बंद करायला महावितरणकडे वेगळे जायचे. दोघांची तारीख जुळली तर माणसे कोणाची, आणि तोडलेला पाला-फाटा उचलायचा कोणी, यावर तिसरा वाद. महावितरणची कंत्राटी टोळी पावसाळ्याआधी येते, तारेकडची बाजू साफ करते आणि फांद्या रस्त्यावर टाकून जाते. एकाच अंगाने सोललेले झाड दुसऱ्या अंगाला कलते आणि पुढच्या वादळात मुळासकट येते. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागांत झाडांनी खांब पाडले आणि लोकांनी कित्येक दिवस अंधार सोसला. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. त्यानंतर घरापाशी उंच झाड नको असे कोणाला वाटले, तर त्याला वृक्षद्वेष्टा म्हणता येत नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडायची परवानगी आधी मागितली होती आणि ती नाकारली गेली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या. अशी बातमी वाचलेला माणूस अर्ज करून वाट पाहण्यापेक्षा रविवारी सकाळी स्वतःच कोयता उचलतो.

म्हणून घरमालकाला नुसता उपदेश करून भागणार नाही. तारेजवळची छाटणी हे वीज कंपनीचेच काम आहे, आणि ते टाळल्याची किंमत जगाने मोजली आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ३४५ हजार व्होल्टच्या तीन वाहिन्या एकामागून एक वाढलेल्या झाडांना लागून बंद पडल्या. संध्याकाळपर्यंत न्यूयॉर्कसह अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला पहाटे स्वित्झर्लंडमध्ये एका वाहिनीतून झाडात ठिणगी पडली आणि पाठोपाठ जवळजवळ सगळ्या इटलीची वीज गेली. अमेरिकेने त्यातून धडा घेतला. मोठ्या पारेषण वाहिन्यांखालची झाडे किती अंतरावर राखायची, याचे नियम कंपन्यांवर बंधनकारक केले आणि मोडल्यास दंड लावला. ते नियम मोठ्या वाहिन्यांचे आहेत, गल्लीतल्या खांबाचे नाहीत, पण छाटणी हा विजेच्या धंद्याचाच भाग आहे हे तिथे वादापलीकडे गेले.

भारतातला कायदाही याच बाजूचा आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ६८ नुसार तारेला अडथळा करणारे झाड काढण्यासाठी वीज कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. ते झाड तार टाकण्याआधीपासूनचे असेल, तर झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई द्यायचीही त्यात सोय आहे. आपल्या आजोबांच्या आंब्यावरून नंतर तार गेली, हे सिद्ध करू शकणाऱ्या किती घरांना हे ठाऊक आहे? कंपनीने ते सांगितल्याचे फारसे ऐकिवात नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी महागड्या नाहीत. फीडरवार छाटणीचा दिवस ठरवावा, त्या दिवशी परमिट काढून तार खरोखर मृत करावी आणि महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी पाला उचलायला त्याच दिवशी यावी. तारेपासून दहा फुटांच्या आतल्या छाटणीसाठी नागरिकाने एकाच ठिकाणी अर्ज करावा. वृक्ष अधिकारी आणि सहायक अभियंता यांनी एकमेकांना काय लिहायचे ते आपसात लिहावे. दाट झाडीच्या रस्त्यांवर उघड्या तारांऐवजी वेष्टण असलेली एबी केबल टाकावी. ती झाडात घासली तरी लगेच लाईट जात नाही. मात्र कोयत्याच्या घावाने तिचेही वेष्टण फाटते, म्हणून ती आली तरी घरमालकाला परवाना मिळाला असे होत नाही. आणि तारेखाली नवे झाड लावणाऱ्याने नीलगिरी, सुबाभूळ, माड यांच्याऐवजी कढीपत्ता, पारिजातक, तगर, लिंबू लावले, तर वीस वर्षांनी कोणालाच शिडी लावायची वेळ येणार नाही.

तोवर तारेपासून दहा फुटांच्या आत आलेली फांदी दिसली, तर वाचकांनी १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ हा महावितरणचा क्रमांक फिरवावा, तक्रारीचा नंबर मागून घ्यावा आणि आठवड्याने तोच नंबर सांगून पुन्हा फोन करावा. कंटाळून शिडी आणू नये, आणि नाक्यावरून माणूसही आणू नये. महावितरण तीन कोटींच्या घरातल्या ग्राहकांना महिन्याच्या महिन्याला बिल पाठवते. येत्या एप्रिलच्या बिलावर त्या त्या फीडरच्या छाटणीची तारीख छापायला तिला कोणताही नवा कायदा लागत नाही.